म्हसळ्याच्या तळावरचं फूल

पट्टी येणार हे ठरलेलं होतं. माणसं येणार का, हे मात्र सकाळपासून कुणी मोठ्यानं विचारलं नव्हतं.

अंथुर्ण्यात घरापुढं मांडव पडला होता. प्रतिक्षाची हळद बाराच्या आत लागायची होती, आणि या घरात हळद लागते ती देवाच्या घोंगडीवर. घोंगडी म्हणजे स्वतःच्या मेंढरांच्या काळ्या लोकरीच्या दोन लांब पट्ट्या, मधोमध शिवलेल्या. त्र्याहत्तर साली भावाभावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा जमीन, घोडी, मेंढरं, भांडी सगळं वाटून झाल्यावर ही घोंगडीच तेवढी उरली. देवाची वस्तू एकाच घरी कशी ठेवायची? पंचांतल्या कुणीतरी मधली शिवण उसवून दिली. एक पट्टी थोरल्या आबाजीकडं राहिली. दुसरी काखेत मारून धाकटा जोतीराम भवानीनगरला निघून गेला आणि साखर कारखान्यात चिकटला. त्यानंतर दोन्ही घरांत लग्नं झाली ती अर्ध्या घोंगडीवर. नवरानवरी अंग चोरून बसायची, आणि बघणारे दुसरीकडं बघायचे.

यंदा निरोप आबाजीनंच धाडला. दोन महिन्यांमागं छातीत कळ येऊन तो बारामतीच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होता. घरी आल्यावर एक दिवस ओसरीवर बसून म्हणाला, नातीची हळद पुऱ्या घोंगडीवर व्हायची, पट्टी घेऊन या म्हणावं. कुणी घेऊन यावं हे त्यानं सांगितलं नाही. त्याची बायको सारजा हिनं निरोप नेणाऱ्याला दारापलीकडं गाठलं आणि त्यात धाकट्या जावेसाठी आपलं एक वाक्य घातलं. शिवायला बनाबाईच लागंल, असं सांग म्हणाली.

ते खोटं नव्हतं. घोंगडीची मधली शिवण एका बाईला घालता येत नाही. दोन जावा समोरासमोर मांडी घालून बसतात, दोन पट्ट्या दोघींच्या मांड्यांवर ताणल्या जातात. एकीनं वरून सुई खुपसायची, दुसरीनं खालून ती ओढून आपल्या अंगानं परत द्यायची. एकीचा टाका दुसरीच्या फासात बसतो. म्हणून निम्मी नक्षी एका पट्टीवर उमटते आणि निम्मी दुसरीवर. सासूबाई, कुशाबाई, म्हणायच्या की जावांचं भांडण असलं की शिवणीला सुरकुती पडते. सारजा आणि बनाबाईनं सत्तावन्न साली घातलेल्या शिवणीला सुरकुती नव्हती.

पण निरोपात ते वाक्य घालताना सारजाला शिवणीची काळजी नव्हती. तिला बनी हवी होती. तेवीस वर्षांत दोघी भेटल्या त्या मयतीला आणि एकदा इंदापूरच्या बाजारात. बाजारात दोघींच्याही हातांत पिशव्या होत्या आणि दोघींबरोबर आपापले नवरे होते. बनाबाईनं नुसती मान हलवली होती. त्या मान हलवण्यावर सारजानं सहा वर्षं काढली. घरात सुना होत्या, नाती होत्या, लेकी सणाला येऊन जात. पण एखादी गोष्ट अर्धीच सांगितली की उरलेली जिनं आपणहून पुरी करावी, असं माणूस त्यांत कुणी नव्हतं.

साडेनऊला कारखान्याच्या रस्त्यानं टेम्पो आला. आधी बनाबाईची सून राजलक्ष्मी उतरली, मग तिचा हात धरून बनाबाई. केस पुरे पांढरे. गुडघा दुखत असावा, कारण पाय टाकताना ती खालचा ओठ दाताखाली धरत होती. पूर्वी घोड्यावरचं ओझं सोडताना धरायची तसाच.

जोतीराम उतरला, पण मांडवात आला नाही. रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली कुणीतरी बाज टाकली होती, तिच्यावर बसला. सारजाचा मुलगा मोहन बोलवायला गेला, तर हितंच बरं हाय म्हणाला. आबाजीनं ते ओसरीवरून पाहिलं आणि मांडववाल्याला दोऱ्या सैल बांधल्या म्हणून बोल लावला.

"लई वाळलीस बने," सारजा म्हणाली.

"तू लई फुगलीयास आक्का."

एवढंच. पण सारजाला वाटलं, सकाळपासून छातीवर ठेवलेली पाटी कुणीतरी खाली उतरवली.

मग राजलक्ष्मीनं पिशवीतून पट्टी काढली.

ती बारामतीतली शिकलेली, हौशी मुलगी. सासरची वस्तू एवढ्या वर्षांनी थोरल्या घरी जायची, ती चांगली दिसावी, म्हणून महिन्याभरामागं तिनं सासूला न सांगता ती बारामतीला नेली होती. आतल्या कडेला लाल-पिवळ्या दोऱ्यांचे अर्धवट तुकडे लोंबत होते. कुठं अर्धी चौकट, कुठं नुसतीच तिरपी रेघ. तिला वाटलं, कड कुरतडली आहे. पिकोफॉलवाल्यानं कात्रीनं चार बोटं कड सरळ कापली आणि वर निळी नायलॉनची पट्टी मारून दिली.

"मशीनच्या चार सुया मोडल्या म्हणाला," राजलक्ष्मी कौतुकानं सांगत होती. मग तिनं भोवतालच्या बायकांचे चेहरे पाहिले आणि तिचा आवाज बारीक झाला. "थोरल्या आत्या, काही चुकलं का?"

सारजानं निळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. बनीच्या हातचे सगळे टाके त्या चार बोटांत होते.

बनाबाई खाली बघत म्हणाली, "मला काल पिशवी भरताना दिसलं. येऊ नये असंच वाटलं हुतं. पर आले."

आबाजी ओसरीवरून उतरला. पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. घोंगडीवरची खूण म्हणजे काय असते हे तो पाहुण्यांना नेहमी सांगायचा. रुईचं फूल म्हणजे देवाचा कौल, त्रिकोण म्हणजे देवळाचं शिखर, असं बरंच काही, ऐकायला चांगलं वाटणारं. खरं काय ते त्यालाही माहीत नव्हतं, कारण शिवणीजवळ पुरुष बसत नसत. पण खूण गेली एवढं त्याला कळलं, आणि त्याच्या तोंडून जे गेलं ते एवढ्या वर्षांची सवय असल्यासारखं गेलं.

"समदं घरच झोपेत चालतंय ह्येंचं. पयल्यापासनं."

लिंबाखाली जोतीरामनं विडी काढली होती. ती त्यानं पेटवली नाही.

झोप्या. हे नाव त्याला विसाव्या वर्षी पडलं होतं. वाटण्यांच्या वेळी आबाजीनं पंचांपुढं तेच म्हटलं होतं, की झोपणाऱ्याच्या हाती मेंढरं देता येत न्हाईत. मेंढरं आबाजीकडं राहिली, आणि ज्या माणसाला नुसत्या खोकण्यावरून मेंढरू ओळखता येई तो कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्या मोजत म्हातारा झाला.

राजलक्ष्मीच्या डोळ्यांना धार लागली. तिला जवळ घेऊन बनाबाई म्हणाली, आपण परत जाऊ. तेव्हा हिरवा चुडा भरलेली प्रतिक्षा बायकांतून पुढं आली. ही मुलगी सारजाजवळ निजून वाढली होती आणि बोलायची कमी. तिनं आजीची जुनी पट्टी काढून शेजारी अंथरली. तिच्या कडेवर अर्ध्या आकृत्या अजून शाबूत होत्या. लोकर इतक्या वर्षांत अशी गुंतून बसली होती की टाका उसवला तरी दोरा जागचा हलला नव्हता.

"आजी, निम्मं हितं हाय. निम्मं बनाआजीला म्हाईत हाय. मग शिवा की."

सारजानं बनाबाईकडं पाहिलं. बनाबाईनं गुडघ्यावर हात ठेवला, हळूच खाली बसली आणि निळी पट्टी दातानं उसवायला लागली.

आज नुसता सांधा घालायचा, नक्षीचा सांगाडा उभा करायचा, भरणी मागाहून, असं ठरलं. हळदीच्या बायका भोवती बसल्या. पहिले दोन-चार टाके वेडेवाकडे पडले. सारजाचा हात आता थरथरायचा, बनाबाईला सुईचं नाक दिसत नव्हतं, ते राजलक्ष्मी नाक पुसत ओवून देत होती. मग हातांना हात आठवले. वरून खुपस, खालून ओढ, फास, परत दे.

प्रतिक्षा एकेक आकृती विचारत गेली आणि सारजा सांगत गेली. कुशाबाईंनी सांगितलं होतं तसं. ही घोंगडी म्हणजे वाट आहे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं, ती वाट. नागमोडी रेघ म्हणजे नदी, ही पहिली आपली नीरा. चौकट म्हणजे तळ, जिथं रात्री वाघरीच्या जाळ्यात मेंढरं कोंडायची. लोणंदचा तळ, शिरवळचा, भोरचा. त्रिकोणांची रांग म्हणजे वरंधचा घाट. शिखरबिखर काही नाही, घोडी घसरायची ती जागा. चौकटीच्या आत काय भरायचं त्याला मात्र नियम होता. तळावरून एकही जितराब न गमावता निघालो तर आत रुईचं फूल, चार पाकळ्यांचं. मेंढरू गेलं, वाघानं नेलं, मेलं, तर चौकट काळ्या दोऱ्यानं गच्च भरायची. घोंगडी खोटं बोलली तर देव तिच्यावर बसत नाही, हे कुशाबाईंचं शेवटचं वाक्य.

"शिरवळला फूल कसं गं?" बनाबाई मधेच म्हणाली. "तितं न्हवतं का भुऱ्या मेंढीनं तुझं लुगडं खाल्लं?"

"लुगडं गेलं, मेंढी कुठं गेली? नियम मेंढीचा हाय."

"आन् तू पटकुर गुंडाळून भोरपतूर गेलीस."

"तुझंच हुतं ते पटकुर."

दोघी हसल्या. बनाबाईचं हसू अजून तसंच होतं, आवाज न होता खांदे हलायचे. सारजाला वाटलं, ही शिवण संपू नये. घाट लागला, घाट उतरला, महाडची काळी चौकट आली. तिथं दोन कोकरं थंडीनं गेली होती. मग माणगाव. भातखाचरात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा. पुढच्या चौकटीशी बनाबाईची सुई थांबली.

सारजाच्या पट्टीवर तिथं दोन लाल पाकळ्या होत्या. अर्धं फूल.

"हे कुठलं, आजी?" प्रतिक्षानं विचारलं.

"म्हसळ्याचं, गावाच्या पार पुढचा तळ," सारजा म्हणाली.

"तितं काळं पायजे."

बायकांनी माना वळवल्या. जोतीराम मांडवाच्या खांबाशी उभा होता. तो केव्हा उठून आला कुणी पाहिलं नव्हतं. बहुतेक वाटेची नावं ऐकत ऐकत आला असावा. लोणंदला एक पाऊल, भोरला दुसरं.

"म्हसळ्याला अकरा मेंढरं गेली," तो म्हणाला. "तितं फूल कसं?"

आबाजीही ऐकत होता. अकरा मेंढरं कुणामुळं गेली हे त्या मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. घरातली जुनी गोष्ट होती ती. धाकटे तात्या, म्हणजे जोतीराम, राखणीला असताना झोपले, कळप रानात शिरला, संध्याकाळी अकरा कमी भरली. पणज्यानं तात्यांना तळावर सगळ्यांदेखत काठीनं झोडलं. त्याआधी त्या पणज्यानं, म्हणजे आबाजीच्या बापानं, विचारलं होतं, कसं झालं? आबाजीनं सांगितलं होतं, झोपला हुता. एवढंच, आणि ते खरं होतं.

सारजानं बनाबाईकडं पाहिलं. बनाबाईची मान किंचित हलली. सांग अशी, का नको अशी, ते सारजाला कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच बनीचं तिला कळलं नाही. सांगितलं तर ही आत्ता समोर बसलेली बाई पुन्हा टेम्पोत बसेल, कदाचित कायमची. चाळीस वर्षं ती ज्या माणसाजवळ निजली त्याला तिनं हे सांगितलेलं नाही, हे सारजाला आत्ता या क्षणी उमगलं. न सांगितलं तर चौकट काळी भरून टाकायची, हळद लावायची, जेवणं व्हायची, आणि बनी पुन्हा कधीतरी मान हलवेल.

तिनं सुई घोंगडीत टोचून ठेवली.

"भावजी, तवा तुमाला ताप हुता," ती म्हणाली. "मी म्हणलं, तुमी पडा, आमी दोघी बगतो मेंढरांकडं."

"म्हाईत हाय मला," जोतीराम म्हणाला.

"आमी बगितलं न्हाय. आमी गेलो."

"सरपनाला गेला आसाल म्हणून मी गप बसलो. परत आला तवा तुमी दोघी रडत हुता. मार खाताना तुमच्याकडं बगत हुतो. म्हणलं, आता एक तरी बोलंल."

हळद वाटणाऱ्या बाईचा वरवंटा थांबला. आबाजी दोन पावलं पुढं आला. त्याचं तोंड एकदम म्हातारं दिसत होतं.

"आरं, मग तू का न्हाय बोललास?"

"मला कुणी इचारलंच न्हाय, दादा. इचारलं तुला."

आबाजीनं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. ते सरळच होतं. मग तो पाठमोरा होऊन खांबाला टेकून राहिला. गेला मात्र नाही.

बनाबाई घोंगडीकडं बघत होती. मांडीवरच्या दोऱ्याची गाठ ती सोडवत होती, आणि त्या दोऱ्याला गाठ नव्हती.

"सरपनाला न्हाय गेलो," ती नवऱ्याला म्हणाली, खालच्या मानेनं. "समुद्र बगाय गेलो. टेकडीच्या पल्याड हाय, आसं तितली एक बाई म्हणली. आक्का न्हाय म्हणत हुती. मीच वढून नेली. परत येऊन बगतो तर कळप न्हाय. मामंजींना भ्यालो. दुसऱ्या दिशी सांगू म्हणलं, मग परवा सांगू म्हणलं. मग ऱ्हाऊनच गेलं. पुढल्या साली शिवणीला बसलो तर मला तितं काळं भरवंना. नियम म्हाईत हुता. सासूबाईंना तवा नीट दिसत न्हवतं. भरलं फूल."

"मी बी भरलं," सारजा म्हणाली. "निम्मं माझं हाय."

सारजाला जोतीरामकडं बघवेना, म्हणून ती त्याच्या चपलांकडं बघत राहिली. कारखान्याच्या धुळीनं राखाडी झालेल्या चपला. त्या वळतील, रस्त्याकडं जातील आणि त्यांच्या मागून बनी गुडघ्यावर हात टेकून उठेल. मनातल्या मनात तिनं तेही पाहून घेतलं, म्हणजे खरंच घडताना कमी लागेल.

चपला पायांतून निघाल्या. पण पाय मात्र घोंगडीच्या कडेशी आले, आणि जोतीराम बायकांच्या घोळक्यात, जिथं या घरचा पुरुष कधी बसला नव्हता तिथं, खाली बसला.

"कसा हुता?"

सारजाला आधी कळलंच नाही.

"समुद्र," तो म्हणाला. "कसा हुता? चार वर्सं त्या तळावर बसलो. रातचा आवाज यायचा नुसता. मला वाटायचं, वारं आसंल."

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कुणाला विचारता येण्यासारखंच नव्हतं. सारजानं सुरुवात केली, की निळा न्हवता, गढूळ हुता, आपली नीरा पावसात आसती तसा. आणि ती अडली तिथून बनाबाईनं उचललं. वाळू पायाखालनं सरकत हुती. म्या किंचाळले तर आक्कानं माझ्या झिंज्यांना धरलं. आक्का म्हणली, चाखून बग, खरंच खारट आसतंय का. म्या चाखलं. सारजा म्हणाली, ओंजळभर प्याली येडी. दोघी एकमेकींच्या वाक्यात शिरत, सोडत, परत देत सांगत राहिल्या. पलीकडं काहीच न्हवतं, झाड न्हाय, डोंगर न्हाय, मानूस न्हाय. आणि बोलता बोलता सारजाच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं बनीची वाट बघत होतो ती एवढं एक कुणापुढं तरी सांगायला.

जोतीराम ऐकत होता. मधे एकदा त्यानं विचारलं, पानी परत आत जातं म्हणत्यात, ते खरं का? बनाबाई म्हणाली, व्हय, जातं.

"मला उठवायचं हुतं, वैनी," तो म्हणाला. "मी बी आलो आसतो."

"तापात?"

"तापात."

"आन् मेंढरं?"

"मेंढरं तशी बी गेलीच की."

बनाबाईचे खांदे हलायला लागले. आधी ती हसते आहे असंच सगळ्यांना वाटलं. राजलक्ष्मीनं पुढं होऊन सासूच्या पाठीवर हात ठेवला.

वरवंटा पुन्हा सुरू झाला. मागून कुणीतरी म्हणालं, बारा वाजायला आले. प्रतिक्षानं लाल आणि काळ्या लोकरीची दोन्ही गुंडाळ्या पुढं केल्या आणि आजीकडं पाहिलं. सारजानं जोतीरामकडं पाहिलं.

त्यानं दोन्ही गुंडाळ्या हातात घेऊन लोकर चिमटीत दाबून पाहिली, पूर्वी बाजारात पाहायचा तशी. मग काळी बाजूला ठेवली आणि खांबाला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली.

"दादा, हितं ये. ह्या बाया समुद्राचं सांगत्यात."

सारजानं लाल दोरा ओवून घेतला, सुई वरून खुपसली आणि बनीच्या हाताची वाट बघत राहिली.